जमिनीशी ओळख ठेवा

बोईसरच्या माझ्या दवाखान्यात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रक्तदाब तपासून घेण्यासाठी एक गृहस्थ येतात. वय ७२. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, सकाळच्या लोकलने जातात ते दिवेलागणीनंतर परततात. त्यामुळे नऊ वर्षांच्या नातीला शाळेतून आणणे, तिला खाऊ देणे आणि आठवड्यातून तीन दिवस नृत्याच्या वर्गाला पोहोचवणे, ही सारी जबाबदारी आजोबांची.

गेल्या वर्षी जून महिन्यात तपासणी आटोपल्यावरही ते खुर्चीवरून उठले नाहीत. थोडे घुटमळून म्हणाले, "डॉक्टरबाई, नात परीक्षेची तयारी करते आहे. समकालीन नृत्याची पहिली श्रेणी. रोज घरात सतरंजीवर लोळते आणि उठते, लोळते आणि उठते. ते मला शिकता येईल का?"

मला हसू आले. "काका, या वयात नाचायची हौस आली का?"

"नाचायचे नाही, बाई. उठायचे आहे."

मग त्यांनी हळूहळू सारे सांगितले. मार्च महिन्यात, दुपारी घरात कोणी नसताना, ते न्हाणीघरात घसरून पडले होते. हाड मोडले नाही, डोक्यालाही लागले नाही. पण उठता येईना. हाताला धरायला काही नव्हते, ओल्या लादीवर तळवा टिकत नव्हता. चाळीस मिनिटे ते तसेच पडून होते. अखेर सरपटत खोलीपर्यंत आले आणि पलंगाच्या कडेला धरून कसेबसे उभे राहिले. घड्याळ पाहिले तर नातीची शाळा सुटायला दहा मिनिटे होती. कपडे बदलून ते तिला आणायला गेले, आणि तीन महिने त्यांनी हे कोणालाही सांगितले नाही.

"मुलाला कळले तर नातीला नेणे-आणणे बंद होईल," ते म्हणाले. "मग दिवसभर मी घरात करायचे काय?"

अर्धाच सल्ला

त्या संध्याकाळी मी बराच वेळ विचार करत बसले. माझ्या वैद्यकीय व्यवसायाला पंचवीस वर्षे होऊन गेली. या काळात साठी ओलांडलेल्या किती रुग्णांना मी एकच वाक्य ऐकवले असेल: जपून चाला, खाली बसू नका. गुडघे दुखतात ना, मग पाटाऐवजी टेबल घ्या. पूजा खुर्चीवर बसून करा. शौचकूप कमोडचा करून घ्या. सल्ला चुकीचा नव्हता. ज्यांच्या सांध्यांची झीज झाली आहे त्यांना त्याने आराम पडतो.

पण त्याची दुसरी बाजू मी कधी सांगितलीच नव्हती. जो माणूस वर्षानुवर्षे जमिनीवर उतरत नाही, तो जमिनीवरून उठण्याची रीत विसरतो. मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू वापराविना रोडावतात, घोटे ताठरतात. त्याहून वाईट म्हणजे मनात जमिनीची भीती बसते. भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की पाय आणखी दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांचा माणूस लवकर पडतो. पडण्याच्या भीतीने घरात बसलेला वृद्ध अशा रीतीने स्वतःच पडण्याच्या जवळ जात असतो. पडल्यावर बराच काळ उठता न येणे हेही वेगळे संकट आहे. एकाच अंगावर पडून राहिल्याने स्नायू आणि कातडी दबते, अंगातले पाणी कमी होते, थंडी बाधते. हाड न मोडताही माणूस रुग्णालयात दाखल होतो तो यामुळे.

म्हणून त्याच आठवड्यात दवाखाना लवकर बंद करून मी त्या नृत्यवर्गात जाऊन बसले. नृत्यातले मला फारसे कळत नाही. शाळेत असताना गणेशोत्सवातल्या कोळीनृत्यात शेवटच्या रांगेत उभी होते, एवढीच माझी पुंजी.

पहिल्या श्रेणीत काय शिकवतात?

नृत्याची परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कथक किंवा भरतनाट्यम् येते, आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या येतात. समकालीन नृत्याच्या, म्हणजे मुले ज्याला 'कंटेम्पररी' म्हणतात त्याच्या श्रेणी परीक्षाही अशाच पायरीपायरीने वर जातात. मंडळागणिक अभ्यासक्रम बदलतो. पण सुरुवातीच्या श्रेणीचा पाया काय असतो ते शिक्षिकेने मला समजावून सांगितले. उंच उड्या आणि वेगवान गिरक्या यांना तिथे फारसे महत्त्व नसते. मूल दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभे राहते का, गुडघा पावलाच्या दिशेनेच वाकतो का, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न डगमगता जाते का, पाठीचा कणा मणक्यामागून मणका असा वळतो का, श्वास हालचालीबरोबर चालतो का, आणि जमिनीवर उतरताना अंग आपटत तर नाही ना, हे पाहिले जाते. त्याच्या जोडीला एक छोटी बसवलेली रचना आणि थोडे उत्स्फूर्त नृत्य.

मी ऐकत होते आणि मनाशी म्हणत होते, ही तर वृद्धांच्या तपासणीची यादी झाली!

याला कारण आहे. बॅले या जुन्या पाश्चात्त्य नृत्यप्रकाराचे लक्ष जमिनीपासून वर जाण्याकडे असते. नर्तकी पावलांच्या टोकांवर तोल सांभाळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील काही नर्तकांनी उलट वाट धरली. मार्था ग्रॅहम (१८९४–१९९१) यांनी श्वासाबरोबर धड आकसणे आणि मोकळे सोडणे यांवर आपले तंत्र उभारले. डोरिस हम्फ्री (१८९५–१९५८) यांनी तोल जाणे आणि तो पुन्हा सावरणे यालाच नृत्याचा गाभा मानले, आणि त्यांचे शिष्य होझे लिमोन (१९०८–१९७२) यांनी तो विचार पुढे नेला. नवसारीला जन्मलेले आणि मुंबईत राहून काम केलेले नर्तक अस्ताद देबू (१९४७–२०२०) यांनी आधी कथक शिकून नंतर लंडनला ग्रॅहम यांचे आणि न्यूयॉर्कला लिमोन यांचे तंत्र आत्मसात केले. सत्तरीतही ते रंगमंचावर उभे राहत होते. समकालीन नृत्यात जमीन ही नर्तकाची जोडीदार असते, आणि पडणे ही चूक नसून शिकण्याची गोष्ट असते.

आपल्या पालघर जिल्ह्याला हे परके वाटू नये. जव्हार, विक्रमगड, डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर भाताचे पीक हाती येण्याच्या दिवसांत तारपा नाच रंगतो, तेव्हा काय दिसते? एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली माणसे, किंचित वाकलेले गुडघे, एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकणारे वजन आणि अनवाणी पावलांचा जमिनीवरचा ठेका. शेजाऱ्याचा हात कमरेला असल्याने तोल एकट्याला सांभाळावा लागत नाही.

आधी तपासणी

मात्र आजोबांना मी लगेच सतरंजी अंथरायला सांगितले नाही. पडलेल्या माणसाने व्यायाम सुरू करण्याआधी तो का पडला हे शोधले पाहिजे.

तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी मिळते: डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या भागाकडून, आणि तळपाय व सांध्यांकडून. मोतीबिंदू वाढला की पहिली बातमी अंधूक होते. मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले की तिसरी बंद पडू लागते. शिवाय औषधे आहेतच. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे यांमुळे उभे राहताच रक्तदाब एकदम उतरू शकतो.

आजोबांचा रक्तदाब मी आजवर नेहमी बसवूनच मोजत आले होते. त्या दिवशी आधी बसवून आणि मग उभे करून मोजला. बसल्यावर वरचा आकडा १३८, उभे राहिल्यावर ११२. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर त्याची दखल घ्यावीच लागते. त्यांची रक्तदाबाची गोळी आणि दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केलेली प्रोस्टेटची गोळी, दोन्ही एकाच वेळी पोटात जात होत्या. त्या डॉक्टरांशी बोलून आम्ही मात्रा आणि वेळा बदलल्या. पडण्याची गोष्ट त्यांनी मार्चमध्येच सांगितली असती तर हे तीन महिने आधी झाले असते. आणि मी आपणहून विचारले असते, तर त्यांना सांगण्यासाठी धीर गोळा करावा लागला नसता.

घरच्या घरी करण्याजोगी एक चाचणीही सांगते. हातांच्या खुर्चीवर बसा. समोर तीन मीटरवर एक खूण करा. उठून नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. जवळ एक माणूस उभा हवा आणि त्याच्या हातात घड्याळ हवे. या साऱ्याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून डॉक्टरांना भेटा.

नातीचे पाच धडे, आजोबांचे पाच धडे

शिक्षिका, एक फिजिओथेरपिस्ट आणि मी अशा तिघींनी मिळून नातीच्या पाच प्राथमिक धड्यांवरून आजोबांचे पाच धडे तयार केले. वाचकांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि पहिले काही दिवस कोणीतरी जवळ असतानाच करावेत.

पहिला धडा: उभे राहणे. नात दोन्ही पावले समांतर ठेवून उभी राहते. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तीन बिंदूंवर वजन सारखे वाटते. आजोबांनीही तेच करायचे, पण स्वयंपाकाच्या ओट्यासमोर, हात ओट्यावर ठेवून. सवय झाल्यावर पावले जवळ आणायची. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभे राहायचे. सर्वांत शेवटी एक पाय किंचित उचलून १० सेकंद. हात ओट्यापासून सुटला तरी ओटा हाताच्या अंतरावर हवाच.

दुसरा धडा: गुडघे वाकवणे. नृत्यात याला 'प्लिए' म्हणतात. चार अंक मोजत खाली, चार अंक मोजत वर. गुडघा आत झुकू द्यायचा नाही, तो पावलाच्या बोटांच्या दिशेनेच गेला पाहिजे. आजोबांसाठी याचे रूप म्हणजे खुर्चीवरून उठणे आणि बसणे. खुर्ची भिंतीला टेकवलेली, न सरकणारी. आधी हातांचा आधार घेऊन पाच वेळा, मग हळूहळू दहा वेळा. बसताना धपकन बसायचे नाही. सावकाश खाली येण्यातच स्नायूंना खरे काम पडते.

तिसरा धडा: वजन सरकवणे. नात एका पायावर वजन घेऊन दुसरा पाय पुढे, बाजूला, मागे सरकवते. आजोबांनी ओट्याला धरून उजवीकडे, डावीकडे, पुढे आणि मागे वजन न्यायचे. मग ओट्याच्या कडेने आडव्या पावलांनी चालायचे. रिक्षात चढताना, लोकलच्या डब्यातून फलाटावर उतरताना, स्थानकाच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना हाच धडा उपयोगी पडतो.

चौथा धडा: पाठीचा कणा. नात उभ्याने हनुवटी छातीकडे नेते आणि मणक्यामागून मणका वाकवत खाली लोंबते, तशीच हळूहळू वर येते. हा धडा वृद्धांनी जसाच्या तसा करू नये. हाडे ठिसूळ झाली असतील, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असेल, तर पाठ अशी गोल वाकवल्याने मणका दबून मोडू शकतो. काचबिंदू असलेल्यांनी किंवा नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही डोके खाली घालू नये. आजोबांसाठी आम्ही दुसरा प्रकार निवडला. खुर्चीत ताठ बसून श्वास घेताना छाती फुलवायची, श्वास सोडताना पोट हलके आत ओढायचे आणि मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवायची. श्वास मात्र कोंडायचा नाही. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो.

पाचवा धडा: जमिनीवर उतरणे आणि उठणे. आजोबा ज्यासाठी आले होते तो हा.

उठण्याची रीत

नात तोल पुढे सोडते, गुडघा, मांडी, कूस अशा क्रमाने जमिनीला टेकते आणि त्याच वाटेने परत उठते. वृद्धाला हे एकदम जमत नाही, म्हणून फिजिओथेरपिस्ट ते उलट्या क्रमाने, तुकड्या-तुकड्यांनी शिकवतात. आधी खुर्चीसमोर उभे राहून दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे आणि उभे राहायचे. ते जमले की एक गुडघा जाड घडीच्या सतरंजीवर टेकायचा आणि उठायचे. मग दोन्ही गुडघे. मग रांगण्याची स्थिती. मग कुशीवर बसणे. सर्वांत शेवटी आडवे होणे. प्रत्येक टप्प्याला आठवडा लागला तरी चालेल.

खरोखर पडल्यावर उठायचे ते असे.

घाई करू नका. मिनिटभर पडून राहा, श्वास सावरा, कुठे दुखते ते पाहा. मांडीच्या सांध्यात तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, पाठीत किंवा मानेत कळ असेल, तर उठू नका. मदत मागा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तोवर अंगावर चादर ओढा.

दुखापत नसेल तर कुशीवर वळा. कोपरावर जोर देऊन अर्धे उठा. मग हात आणि गुडघ्यांवर या. रांगत एखाद्या भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जा. दोन्ही हात तिच्यावर ठेवा. ज्या पायात अधिक ताकद आहे त्याचे पाऊल पुढे रोवा. हातांनी आणि त्या पायाने जोर देऊन उठा, वळा आणि बसा. लगेच चालू नका. गुडघे किंवा मांडीचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर गुडघे टेकण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरातील मंडळींना विनंती अशी, की पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून किंवा मनगटाला धरून ओढू नका. त्याचा खांदा निखळू शकतो आणि तुमची कंबर धरू शकते. त्याच्याजवळ खुर्ची आणून ठेवा आणि वरची रीत एकेक पायरी करत शांतपणे सांगा. डोक्याला मार लागला असेल आणि तो माणूस रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर तो ठीक दिसत असला तरी त्याला रुग्णालयात न्या.

नातवंडांविषयी थोडेसे

अनेक घरांत नृत्याच्या सरावावर लक्ष ठेवणारे आजी-आजोबाच असतात, म्हणून त्यांच्यासाठी चार शब्द. वाढत्या वयात टाचेत किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखण्याची तक्रार मुले करतात. 'नाटक करते' म्हणून ती झटकू नका. दोन-चार दिवस उड्या थांबवा आणि तरीही दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाय अधिक फाकावेत म्हणून मुलांच्या पाठीवर किंवा मांडीवर कोणी दाब देत असेल, तर ते थांबवा. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून सराव नको, अनवाणी बरा. गुडघे टेकायचे असतील तर खाली न सरकणारी चटई हवी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन-दोन तास घासण्यापेक्षा महिनाभर रोज वीस मिनिटे केलेली तयारी अंगात अधिक मुरते. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सरावापेक्षा झोप महत्त्वाची.

आजोबांना मात्र मी अनवाणी सराव करू दिला नाही. त्यांच्या तळपायांची जाणीव थोडी कमी झालेली आढळली होती. मागे पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल त्यांना घेऊन दिली. पावसाळ्यात आपल्या भागात लाद्यांना ओल सुटते, तेव्हा तर ती हवीच.

नृत्यच कशाला?

काही वाचक विचारतील, हे सारे व्यायाम नृत्याचे नाव न घेताही करता येतील ना? येतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे विविध व्यायाम करावेत असे म्हटले आहे. त्यात नृत्याची सक्ती नाही.

पण व्यायामाचा कागद लिहून दिला की तो कपाटात जातो, हा माझा अनुभव. नृत्यात लय असते, संगत असते, पुढचे पाऊल लक्षात ठेवावे लागते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाहिलेल्या शारीरिक छंदांपैकी केवळ नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. यावरून नृत्याने स्मृतिभ्रंश टळतोच असे म्हणता येत नाही; ज्यांची स्मृती शाबूत असते तेच नाचत राहतात, असेही असू शकते. तरी ही निरीक्षणे दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आपल्या पुण्यातही समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेतले आणि तेथील पार्किन्सन्स मित्रमंडळाचे सभासद त्यात सहभागी झाले. ज्यांची पावले चालता चालता जमिनीला खिळतात, त्यांना ठेक्याचा आधार मिळतो.

आमच्या आजोबांकडे तर हक्काची शिक्षिका घरातच होती. रोज संध्याकाळी साडेपाचला सतरंजी अंथरली जाई. नात आपला धडा करी आणि मग मोठ्या बाईंच्या थाटात आजोबांना म्हणे, "आबा, गुडघा आत चाललाय." पहिले दीड महिना ते ओट्यापासून हलले नाहीत. गुडघा टेकायला ऑगस्ट उजाडला. एकदा मांडीत गोळा आला म्हणून आठवडाभर सारे बंद ठेवावे लागले, आणि त्या आठवड्यात 'आता पुरे' असे ते मला दोनदा म्हणाले. नातीने मात्र पुन्हा सतरंजी अंथरली.

नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईला जाऊन तिने परीक्षा दिली. ती उत्तीर्ण झाली. गुण किती ते मी विचारले नाही. त्यानंतरच्या रविवारी, मुलगा-सून घरी असताना, आजोबांनी दिवाणखान्यात सतरंजी घातली. खाली उतरले, आडवे झाले, कुशीवर वळले, रांगत खुर्चीपाशी गेले आणि उठून बसले. मग मार्चमधली गोष्ट सांगितली.

मुलगा आधी रागावला. तीन महिने डॉक्टरांपासून आणि आठ महिने घरापासून लपवले, याचे त्याला फार लागले. सून काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला, लादीवर खरखरीत चटई टाकली आणि आजोबांच्या फोनला गळ्यात अडकवायची दोरी लावली. नातीची ने-आण आजही आजोबांकडेच आहे.

माझ्या दवाखान्यातही दोन बदल झाले. ६५ वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब मी आता बसवून आणि उभे करून, असा दोन्ही वेळा मोजते. आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते: गेल्या वर्षभरात पडलात का? पडला असाल, तर स्वतःहून उठलात का? तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर पुढच्या भेटीत हे तुम्हीच त्यांना सांगा.